कर एका गावाला, गर्दी दोघांना: फ्रेमिंगहॅम आणि नॅटिकमधला रूट ९

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवर फ्रेमिंगहॅम आणि नॅटिक ही दोन गावं एकमेकांना खेटून आहेत. रूट ९ हा राज्य महामार्ग दोन्ही गावांतून जातो आणि त्यांच्या शिवेवर दुकानांचा एक प्रचंड पट्टा उभा आहे. रूट ९, रूट ३० आणि स्पीन स्ट्रीट या तीन रस्त्यांच्या बेचक्यातल्या या भागाला तिथले लोक ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. शीव या त्रिकोणाच्या मधूनच जाते. शॉपर्स वर्ल्ड फ्रेमिंगहॅमच्या हद्दीत आणि नॅटिक मॉल नॅटिकच्या हद्दीत आहे. दोघांना जोडणाऱ्या छोट्या रस्त्याचं नाव फ्लूटी पास. नॅटिकच्या शाळेत शिकलेला, अमेरिकन फुटबॉल खेळणारा डग फ्लूटी याने १९८४ मध्ये टाकलेल्या एका पासवरून केलेली ही गंमत आहे.

महामार्गालगत दुकानं येणं ही काही अभ्यास करावा अशी गोष्ट नाही, ती सगळीकडेच येतात. या प्रकरणातला खरा प्रश्न शिवेचा आहे. मालमत्ता कर ज्याच्या हद्दीत इमारत, त्याच्या तिजोरीत जातो. गाड्या मात्र शीव बघून वळत नाहीत. एका गावाने परवानगी द्यायची आणि दोघांनी कोंडी सोसायची, हे इथे सत्तर वर्षं चाललं आहे. यात कोणाचा मूर्खपणा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही गावं आपापल्या हिताचंच वागली.

जागा मोकळी का राहिली

रूट ९ हा मुळात वूस्टर टर्नपाइक. १८०६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि बॉस्टनपासून वूस्टरपर्यंत टोल घेणारा, शक्य तितका सरळ रस्ता खासगी कंपनीने बांधला. आखणी सरळ ठेवायची म्हणून वाटेतली वस्ती, चढउतार यांचा फारसा विचार केला गेला नाही. पुढे १८३५ मध्ये बॉस्टन–वूस्टर रेल्वे सुरू झाली. ती टर्नपाइकच्या दक्षिणेने गेली आणि सगळा जीव तिकडे ओढला गेला. नॅटिकमध्ये रेल्वेकाठी जोड्यांचे कारखाने निघाले. फ्रेमिंगहॅमचं जुनं केंद्र टर्नपाइकवर होतं, ते मागे पडलं आणि दक्षिणेकडे रेल्वेपाशी नवीन बाजारपेठ वसली. आजही फ्रेमिंगहॅमचं ‘डाउनटाउन’ म्हणजे ही दक्षिणेकडची बाजारपेठ.

म्हणजे टर्नपाइक शंभरएक वर्षं दोन्ही गावांच्या पाठीमागे पडून होता. १९०३ पासून त्यावरून बॉस्टन–वूस्टर ट्राम धावू लागली, ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. ट्रामच्या पट्ट्यामुळे रस्त्याला मुबलक रुंदी मिळालेली होती. राज्याने त्याच सुमारास तिथे दुभाजक असलेला दुहेरी महामार्ग बांधून काढला. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं आणि नर्सऱ्या, आणि कुठल्याच गावाचा दर्शनी भाग नाही. स्वस्त जमीन आणि उत्तम रस्ता असा हा योग जुळला होता. ज्या जागेकडे कोणाचं लक्ष नसतं तिथेच मोठे व्यवहार सर्वांत सहज होतात, असं मला या प्रकरणात वारंवार वाटतं.

१९५१: शॉपर्स वर्ल्ड

ऑक्टोबर १९५१ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या हद्दीत, रूट ९ ला लागून शॉपर्स वर्ल्ड उघडलं. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या उपनगरी शॉपिंग सेंटरांपैकी हे एक. त्याची रचना मॉरिस केचम यांच्या वास्तुसंस्थेने केली होती. मधोमध हिरवळीचा लांबट चौक, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मजली दुकानांच्या रांगा, वरच्या मजल्यासमोर छताखालून चालायची गॅलरी आणि एका टोकाला जॉर्डन मार्श हे बॉस्टनचं नावाजलेलं मोठं दुकान. जॉर्डन मार्शच्या इमारतीवर खांबाशिवाय पेललेला भलामोठा घुमट होता आणि तो लांबूनच दिसायचा. सिनेमागृहसुद्धा होतं. भोवती काही हजार गाड्या उभ्या राहतील एवढं पार्किंग.

या रचनेत एक विरोधाभास होता. आतून बघावं तर माणसांनी पायी फिरावं असा चौक, जुन्या गावातल्या पटांगणासारखा. बाहेरून बघावं तर डांबराच्या समुद्रातलं बेट. तिथे पोचायला गाडीशिवाय दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. चालण्याचं सुख आत बंद करून ठेवलं आणि बाहेरच्या रस्त्यावरून ते काढून घेतलं. पुढे त्रिकोणात जे जे उभं राहिलं त्याने यातला बाहेरचा भाग तेवढा उचलला, आतला सोडून दिला.

सुरुवातीला धंदा काही बसला नाही. काही वर्षांतच उभारणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं. वस्तीच्या आधी दुकानं आली होती. मग वस्ती आली. १९५० मध्ये फ्रेमिंगहॅमची लोकसंख्या सुमारे २८ हजार होती, ती १९७० मध्ये ६४ हजारांवर गेली. नॅटिकची त्याच काळात २० हजारांच्या आसपासवरून ३१ हजारांवर पोचली. १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘मॅस पाइक’, सुरू झाला आणि त्याचं एक तोंड नेमकं रूट ३० वर, त्रिकोणाच्या उंबऱ्यापाशी उघडलं. आता गिऱ्हाईक दोन गावांपुरतं उरलं नाही, अर्ध्या राज्यातून येऊ लागलं.

१९६६: नॅटिक मॉल

शेजारच्या गावात कर भरणारं एवढं मोठं केंद्र उभं राहिल्यावर नॅटिक गप्प बसेल अशी अपेक्षाच नव्हती. १९६६ मध्ये शॉपर्स वर्ल्डच्या शेजारीच, शिवेच्या या बाजूला नॅटिक मॉल उघडला. हा बंदिस्त होता आणि न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या या ईशान्य भागाच्या) हिवाळ्यात उघड्या चौकापेक्षा बंदिस्त मॉल केव्हाही सोयीचा. सिअर्स आणि फायलीन्स ही दोन मोठी दुकानं त्यात होती.

व्यापाराच्या दृष्टीने यात स्पर्धा होती, पण तेवढीच मदतही होती. एका फेरीत दोन केंद्रं बघता येतात म्हटल्यावर गिऱ्हाईक आणखी लांबून येतं. म्हणून मोकळ्या जागा भराभर भरल्या. फर्निचर, खेळणी, गाड्यांचे शोरूम, हॉटेलं, बँका आणि मागोमाग कार्यालयं आली. टीजेएक्स या मोठ्या कपडेविक्री कंपनीचं मुख्यालय फ्रेमिंगहॅममध्ये रूट ३० वर आहे, मॅथवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी नॅटिकमध्ये. शॉपर्स वर्ल्डचा मूळ घुमट आणि चौक १९९४ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी मोठमोठ्या खोक्यांसारख्या दुकानांची रांग आली. प्रत्येक दुकानाचा दरवाजा आता पार्किंगकडे तोंड करून आहे. नॅटिक मॉलही त्याच सुमारास पाडून नव्याने बांधला आणि २००७ मध्ये नॉर्डस्ट्रॉम आणि नीमन मार्कस ही उच्चभ्रू दुकानं आणून वाढवला. त्याबरोबर मॉलला जोडूनच महागड्या घरांची इमारत उभी केली, पण तोवर घरबाजार कोसळला होता. त्यातली काही घरं पुढे लिलावात काढावी लागली.

हिशेब कुठे बसतो

मॅसॅच्युसेट्समधल्या गावांच्या उत्पन्नाचा कणा मालमत्ता कर आहे. विक्रीकर राज्याच्या तिजोरीत जातो. म्हणजे मॉलमध्ये उलाढाल कितीही झाली तरी त्यातला विक्रीकर गावाला थेट मिळत नाही. २००९ पासून गावांना तयार खाण्यावर ०.७५ टक्के स्थानिक कर लावायची मुभा आहे, तेवढीच. त्यामुळे गावाच्या दृष्टीने महत्त्व विक्रीला नाही, इमारतीच्या मूल्याला आहे. मोठी इमारत, मोठं मूल्य, मोठा कर.

त्यात १९८० ची भर पडली. त्या वर्षी मतदारांनी ‘प्रपोझिशन अडीच’ मंजूर केलं. त्यानुसार गावाला एकूण मालमत्ता कराची रक्कम वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. वाढवायची तर मतदान घ्यावं लागतं. पगार, विमा, शाळांचा खर्च अडीच टक्क्यांच्या मर्यादेत राहत नाही, हे कोणीही गाव चालवणारा सांगेल. पण कायद्यात एक खिडकी उघडी आहे. नव्याने झालेल्या बांधकामावरचा कर त्या अडीच टक्क्यांच्या बाहेर धरतात आणि तो पुढच्या वर्षीच्या पायाभूत रकमेत कायमचा मिसळतो. मतदारांकडे हात न पसरता उत्पन्न वाढवायचं तर नवीन बांधकाम हाच एक रस्ता उरतो.

मग कुठलं बांधकाम? घरं आली की मुलं येतात, मुलं आली की शाळेचा खर्च येतो. मॉलला मुलं नसतात. पोलीस आणि अग्निशमन लागतं, पण वर्गखोल्या लागत नाहीत. अर्थसंकल्प समोर ठेवून बसलेल्या माणसाला मॉल हे सर्वांत आज्ञाधारक करदाते वाटतात. फ्रेमिंगहॅम व्यापारी मालमत्तेला घरांपेक्षा बराच चढा दर लावतं. नॅटिकमध्ये दोघांना दर एकच. तेव्हा शिवेच्या कुठल्या बाजूला बांधायचं हा प्रश्न बिल्डरपुढे नुसता जागेचा नव्हता.

आता यात शेजारी आणून बसवा. नॅटिकने एका मोठ्या दुकानाला परवानगी दिली तर कर नॅटिकला आणि वाढीव गाड्या स्पीन स्ट्रीट, रूट ३० आणि रूट ९ वरून दोन्ही गावांत. फ्रेमिंगहॅमने दिली तरी तेच, उलट दिशेने. परवानगी नाकारणाऱ्या गावाला कर मिळत नाही, पण गर्दी मिळायचीच, कारण शेजारी देणारच असतो. नाकारण्यात त्यामुळे काही राम नाही. माझ्या मते या पट्ट्यातलं प्रत्येक पार्किंग, प्रत्येक प्रवेशद्वार या एका गणितातून निघालेलं आहे. वास्तुकारांना दोष देणारे लोक चुकीच्या टेबलाशी भांडतात.

वरून कोणी आवर घालू शकला असता का? फारसं नाही. इथे कौंटीचं, म्हणजे साधारण जिल्ह्याचं, शासन आधीच नावापुरतं होतं आणि मिडलसेक्स कौंटीचं शासन १९९७ मध्ये रद्दच झालं. बॉस्टन परिसराची नियोजन परिषद १९६३ पासून आहे, पण तिचं काम सल्ल्याचं. झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल हे ठरवायचा, अधिकार गावाचा. नॅटिकमध्ये तो निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या टाउन मीटिंगकडे आहे आणि झोनिंग बदलायला साधारणतः दोन तृतीयांश मतं लागत आली आहेत. फ्रेमिंगहॅमही २०१७ पर्यंत टाउन मीटिंगवरच चाललं. सत्तर हजारांच्या वस्तीचं ‘गाव’ १ जानेवारी २०१८ ला कागदोपत्री शहर झालं.

एक डावं वळण

कोंडी म्हणजे फक्त गाड्यांची संख्या नव्हे, हे रूट ९ वर नीट दिसतं. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या माणसाला रस्त्याच्या दक्षिणेकडचं, म्हणजे डाव्या हाताचं, दुकान हवं आहे, असं धरा. मध्ये दुभाजक आहे. दुकान समोर दिसतंय, पाटी वाचता येते, पण वळता येत नाही. पुढच्या चौकापर्यंत जायचं, उजवीकडे उतरून फिरून यायचं, मग उलट दिशेने परत. त्यात दुकानाचं प्रवेशद्वार चुकलं तर पुढचा सगळा फेरा पुन्हा. शंभर फुटांवरच्या दुकानासाठी किलोमीटरभर रस्ता वापरला जातो. मागून येणाऱ्याला बॉस्टनहून वूस्टरकडे जायचंय, त्याला या दुकानाशी देणंघेणं नाही, पण दर काही अंतरावर कोणीतरी प्रवेशद्वाराशी वेग कमी करतो म्हणून तोही ब्रेकवर पाय ठेवून असतो.

म्हणजे एकच रस्ता दोन कामं करतो आहे. लांबचा प्रवास आणि दुकानाच्या दाराशी पोचणं. दोन्ही एकाच पट्टीवर नीट होत नाहीत. समांतर सेवा रस्ता असता, किंवा शेजारच्या दोन पार्किंगांमधून गाडी नेता आली असती, तर बऱ्याच फेऱ्या महामार्गावर आल्याच नसत्या. पण भूखंड एकेक करून विकसित झाले, प्रत्येकाने आपलं स्वतंत्र प्रवेशद्वार घेतलं, आणि शेजाऱ्याला वाट देणं म्हणजे गिऱ्हाईक देणं असं समजून मध्ये कठडे घातले.

परवानग्यांचंही तसंच. रूट ९ राज्याच्या परिवहन खात्याच्या ताब्यात, त्यावर प्रवेशद्वार हवं तर परवाना राज्याचा. लगतच्या जमिनीवर काय बांधायचं ते गाव ठरवणार. स्पीन स्ट्रीटसारख्या आतल्या रस्त्यांची उस्तवारी गावाकडे. मोठ्या प्रकल्पामुळे किती नव्या फेऱ्या निर्माण होतील, हे पर्यावरण कायद्याखाली राज्य तपासतं आणि बिल्डरकडून सिग्नल, वळणाची लेन असे खर्च घेतं. प्रकल्पापुरतं ते ठीक आहे, पण दहा प्रकल्पांचा एकत्रित भार कोणाच्याच फायलीत येत नाही.

एकत्र नियम

१९९० च्या दशकात दोन्ही गावांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. महामार्गालगतच्या पट्ट्यासाठी जवळपास सारखे ओव्हरले झोन, म्हणजे मूळ झोनिंगवर चढवलेले जादा नियम, आणले. तत्त्व असं की चटई क्षेत्र निर्देशांक मुळात कमी ठेवायचा आणि रस्त्याची सुधारणा, झाडं, पादचारी मार्ग, शेजारच्या भूखंडाशी जोडरस्ता अशा सार्वजनिक सोयी देणाऱ्याला वाढीव बांधकाम द्यायचं. रस्त्याकडेला हिरवा पट्टा, पाट्यांच्या आकाराला मर्यादा, पार्किंगमध्ये झाडं अशा अटी आल्या. नियम सारखे झाल्यामुळे ‘तिकडे सोपं आहे, मी तिकडे जातो’ ही बिल्डरची धमकी बरीच बोथट झाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत दखलपात्र काम हेच आहे आणि त्याची वाहवा फारशी होत नाही.

पण जे केलं नाही तेही बघायला हवं. नियम एक झाले, तिजोरी एक झाली नाही. मिनेसोटा राज्यात १९७१ च्या कायद्याने मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरातली गावं व्यापारी मालमत्तेच्या वाढीपैकी ४० टक्के करपाया (कर लावण्याजोगं मूल्य) एका सामायिक कोशात टाकतात आणि मग तो वाटून घेतात. तसं काही फ्रेमिंगहॅम–नॅटिकमध्ये झालं नाही. त्यासाठी राज्याचा कायदा लागला असता आणि ज्या गावाकडे त्या क्षणी मोठा मॉल आहे ते गाव अशा कायद्याच्या बाजूने उभं राहत नाही. बसच्या बाबतीत मात्र जमलं. २००६ मध्ये मेट्रोवेस्ट प्रादेशिक परिवहन प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याच्या बस डाउनटाउन, रेल्वे स्टेशन आणि मॉल यांना जोडतात. लोकल गाडीची मुख्य स्टेशनं जुन्या बाजारपेठांत आहेत, त्रिकोणापासून काही किलोमीटर दक्षिणेला. रेल्वे जुन्या केंद्रात आणि गिऱ्हाईक महामार्गावर, ही फारकत अजून पूर्ण बुजलेली नाही.

दोन्ही डाउनटाउनांना त्रिकोणाचा फटका बसला, पण वेगवेगळा. फ्रेमिंगहॅममध्ये जनरल मोटर्सचा कारखाना १९८९ मध्ये बंद पडला, त्यामुळे सगळा दोष मॉलच्या माथी मारता येत नाही. शिवाय रूट १२६ आणि रूट १३५ तिथे रेल्वेमार्गाजवळच एकमेकांना छेदतात आणि रूट १२६ वर रेल्वेचं फाटक आहे. गाडी आली की गाव थांबतं. ही बाजारपेठ पुन्हा उभी केली ती मुख्यतः ब्राझीलहून आलेल्या कुटुंबांनी, त्यांच्या बेकऱ्या आणि दुकानांनी. नॅटिकने आपल्या मध्यवर्ती चौकाभोवती खाणावळी आणि कला केंद्राची कास धरली. मॉलमध्ये मिळतं ते पुन्हा विकायच्या फंदात दोघांपैकी कोणी पडलं नाही.

मॉल रिकामा होऊ लागल्यावर

नॅटिक मॉलमधलं जेसी पेनी हे मोठं दुकान बंद झालं, त्या जागी २०१८ मध्ये वेगमन्स ही किराणा दुकानांची मोठी साखळी आली, आणि २०२३ मध्ये तीही निघून गेली. मधल्या काळात नीमन मार्कस आणि सिअर्सही गेले. ऑनलाइन खरेदीचं कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते वेगळंच. अशा इमारतीचं करमूल्य तिच्या उत्पन्नक्षमतेवरून ठरतं. भाडेकरू गेले की मूल्य घसरतं. गावाने गोळा करायची एकूण रक्कम मात्र घसरत नाही, कारण अडीच टक्क्यांची मर्यादा वाढीवर आहे, पाया तसाच राहतो. मग मॉलने सोडलेला वाटा उरलेल्या मालमत्तांवर, म्हणजे मुख्यतः घरांवर सरकतो. नॅटिकला दर एकच, तेव्हा तो सरळ घरमालकाच्या बिलात दिसतो. फ्रेमिंगहॅम व्यापाऱ्यांचा दर वाढवून थोडा आडोसा करू शकतं, पण मग उरलेले व्यापारी शिवेकडे बघू लागतात.

म्हणून आता दोन्हीकडे पार्किंगच्या जागेवर घरं बांधायची भाषा सुरू आहे. घरांची टंचाई एवढी आहे की त्याला विरोध करणं अवघड, आणि ‘मुलं म्हणजे खर्च’ हे जुनं गणितही आता तितकं पक्कं राहिलेलं नाही, कारण अशा इमारतींत लहान घरं जास्त असतात. फ्रेमिंगहॅममधल्या सॅक्सनव्हिलकडे जाणारा जुना रेल्वेफाटा काढून केलेला कोचिट्यूएट रेल ट्रेल हा चालण्या-सायकलीचा मार्ग नॅटिकमध्ये २०२१ मध्ये पूर्ण झाला. रूट ९ वरून जाणारा त्याचा पूल हा त्या भागात चालत महामार्ग ओलांडायच्या मोजक्या सुखरूप मार्गांपैकी एक. पण घरं नुसती त्या वाटेकाठी येणार नाहीत, मॉलच्या आवारात येतील, आणि तिथून समोरच्या दुकानात पायी जायचं तर दुभाजक आडवा येतो. तो दुभाजक राज्याचा, घरांची परवानगी गावाची, आणि समोरचं दुकान अनेक ठिकाणी दुसऱ्या गावाचं.